एफ-१ वर असताना आजारपणाची रजा: आधी डीएसओ, मग बाकी सगळं

अमेरिकेत एमएस किंवा पीएचडी करताना तब्येत ढासळली की सगळ्यात आधी हात जातो तो कोर्स ड्रॉप करण्याकडे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर ते बटण कृपा करून आज दाबू नका.

बहुतेक विद्यापीठांत ग्रॅज्युएट विद्यार्थ्याचं पूर्णवेळ शिक्षण म्हणजे सेमिस्टरला ९ क्रेडिट. त्याखाली जायचं असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओची (तुमच्या इमिग्रेशनच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत, आधी नोंदलेली असावी लागते. कोर्स सोमवारी सोडला आणि परवानगी शुक्रवारी मागितली, तर मधल्या दिवसांत तुमचं स्टेटस मोडलेलं असतं. मागची तारीख घालून परवानगी देणं डीएसओच्या हातात नसतं, त्यांना कितीही वाटलं तरी. मोडलेलं स्टेटस पूर्ववत करण्याचा अर्ज असतो, पण तो महिनोन्महिने रेंगाळतो आणि मंजूर होईलच असं नाही. आजारी माणसाच्या डोक्याला हा घोर नको.

म्हणून आज फक्त एक मेल करा. तीन वाक्यं पुरतात: प्रकृतीच्या कारणाने क्रेडिट कमी करायचे आहेत किंवा रजा घ्यायची आहे, अजून काहीही ड्रॉप केलेलं नाही, लवकरात लवकरची भेट हवी आहे. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. हॉस्पिटलात भरती असाल तर मित्राला किंवा गाइडला हा मेल करायला सांगा. खासगीपणाच्या कायद्यामुळे ऑफिस त्यांना तुमची माहिती देणार नाही, पण त्यांच्याकडून आलेला निरोप जरूर घेईल.

इथेच राहून उपचार की घरी?

पुढचं सगळं या एका प्रश्नावर ठरतं. विद्यापीठाच्या भाषेत दोन्हींना 'मेडिकल लीव्ह' म्हणत असतील, पण इमिग्रेशनच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत राहून उपचार घ्यायचे तर 'मेडिकल रिड्यूस्ड कोर्स लोड' मागायचा. यात क्रेडिट कमी करता येतात, अगदी शून्यावरही आणता येतात, आणि आय-२० (एफ-१ साठी विद्यापीठाने दिलेला मूळ कागद) चालू राहतो. मर्यादा एका पदवी-पातळीला एकूण १२ महिन्यांची. एमएसमध्ये एक स्प्रिंग सेमिस्टर घेतलं तर त्यातले साधारण चार महिने खर्ची पडतात. मंजुरी एका सत्रापुरतीच असते. पुढच्या सत्राला नवं पत्र, नवी मंजुरी. ही गोष्ट विसरल्यामुळे पुष्कळांचं अडतं: जानेवारीत मिळालेली परवानगी ऑगस्टमध्येही चालेल असं धरून चालतात आणि चालत नाही. या सवलतीमागे तुम्ही इथे उपचार घेत आहात हे गृहीत असतं, तेव्हा मध्येच मुंबईला जाऊन यायचं असेल तर तिकीट काढण्याआधी विचारा.

घरी जायचं तर डीएसओ तुमची नोंद 'ऑथोराइज्ड अर्ली विड्रॉवल' म्हणून बंद करतात. ती नोंद झाली की देश सोडायला १५ दिवस मिळतात. पदवी पूर्ण केल्यावर मिळणारे ६० दिवस इथे लागू नाहीत, आणि न विचारता शिक्षण सोडलंत तर एकही दिवस नाही. त्यामुळे विमानाची तारीख आधी ठरवा आणि नोंद त्या बेताने करून घ्या. सोबत एफ-२ या अवलंबितांच्या व्हिसावर नवरा, बायको किंवा मुलं असतील तर त्यांनाही निघावं लागतं.

पाच महिन्यांचं गणित

घरी जाणाऱ्यांनी कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसावं. पाच महिन्यांच्या आत परतलात तर डीएसओ जुनीच सेव्हिस नोंद पुन्हा सुरू करून घेऊ शकतात. त्यापुढे गेलात तर नवा आय-२०, ३५० डॉलरची सेव्हिस फी पुन्हा, आणि पासपोर्टावरच्या स्टॅम्पची मुदत शिल्लक असली तरी नवा व्हिसा काढायची तयारी, म्हणजे आणखी १८५ डॉलर. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. सीपीटी (शिकत असतानाचं अभ्यासक्रमाशी निगडित काम) आणि ओपीटी (सहसा पदवीनंतरचं आपल्या विषयातलं काम) यांसाठी लागणारं एक शैक्षणिक वर्ष सहसा पुन्हा शून्यापासून मोजलं जातं. दोन वर्षांच्या एमएसमधलं दीड वर्ष झालेल्याला हा हिशेब फार जड जातो.

उदाहरण घेऊ. १६ डिसेंबरला परीक्षा संपवून निघालात आणि पूर्ण स्प्रिंग घरी काढलं. पाच महिने १६ मेला संपतात, फॉल मात्र ऑगस्टअखेर सुरू होतो. म्हणजे पूर्ण स्प्रिंगची रजा घरी काढणारा पाच महिन्यांत बसतच नाही. तब्येत मार्चअखेरीपर्यंत कशीबशी तग धरून असेल आणि २५ मार्चला निघालात, तर २० ऑगस्टला परतणं मर्यादेत येतं. तिसरा मार्गही आहे: स्प्रिंगमध्ये रिड्यूस्ड कोर्स लोड घेऊन इथेच उपचार घ्यायचे आणि उन्हाळ्याच्या सुटीत, नोंद चालू असताना, घरी जायचं. आजार घरी जाणं थोडं लांबवता येण्यासारखा असेल तर आम्ही आधी हाच मार्ग तपासायला सांगू. दिवस कधीपासून मोजायचे हे अंदाजाने धरू नका. 'कोणत्या तारखेपर्यंत परत यायला हवं' याचं उत्तर डीएसओकडून मेलवर लेखी घ्या.

डॉक्टरांचं पत्र

रिड्यूस्ड कोर्स लोडचं पत्र परवानाधारक एमडी, डीओ (ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर) किंवा सायकॉलॉजिस्ट यांचंच चालतं. नर्स प्रॅक्टिशनर किंवा समुपदेशन करणाऱ्या सोशल वर्करनी तुम्हाला महिनोन्महिने पाहिलेलं असलं तरी त्यांच्या सहीवर काम होत नाही. अशा वेळी त्याच क्लिनिकमधल्या डॉक्टरांची सही मागा. पुण्याच्या फॅमिली डॉक्टरांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं पत्र बहुतेक ठिकाणी नाकारलं जातं, कारण अमेरिकेतला परवाना मागतात.

पत्र एका पानात बसतं. लेटरहेड, तारीख, तुमचं पासपोर्टावरचं नाव, डॉक्टरांचा परवाना, सही. मजकुरात तीन गोष्टी हव्यात: विद्यार्थी माझ्या उपचाराखाली आहे, वैद्यकीय कारणासाठी क्रेडिट कमी करण्याची (किंवा अजिबात न घेण्याची) मी शिफारस करतो, आणि अमुक सत्रासाठी. 'किंवा अजिबात न घेण्याची' हे शब्द नसतील आणि तुम्हाला शून्य क्रेडिट हवे असतील तर पत्र परत येतं. 'अभ्यासाचा ताण जाणवतो आहे' एवढ्यावर भागत नाही, शिफारस स्पष्ट हवी. निदान लिहिणं सहसा बंधनकारक नसतं. तुम्हाला नको असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

विमा, फी, स्टायपेंड

विद्यार्थी विम्याच्या अनेक पॉलिसींत एक कलम असतं: सत्र सुरू झाल्यावर पहिले ३१ दिवस वर्गात हजर असायला हवं. त्याआधी नाव काढलं तर विमा सुरुवातीपासूनच रद्द होऊ शकतो, म्हणजे मधल्या तपासण्यांचं बिलही तुमच्यावर येतं. काही पॉलिसी वैद्यकीय कारणाला सूट देतात. विमा कार्यालयाला नेमका प्रश्न विचारा: 'अमुक तारखेला मेडिकल विड्रॉवल घेतलं तर माझं कव्हर कोणत्या तारखेपर्यंत?' ऑपरेशन किंवा एमआरआय ठरलेला असेल तर या उत्तराआधी कुठलाही फॉर्म भरू नका.

फी परताव्याचं वेळापत्रक बर्सर कार्यालयाच्या (फी घेणाऱ्या कार्यालयाच्या) पानावर असतं आणि परतावा आठवड्यागणिक घटतो. मुदत उलटली असेल तर वैद्यकीय कारणावर विनंती अर्ज करता येतो का ते विचारा. सत्राचे शेवटचे दोन-तीन आठवडेच उरले असतील तर रजेऐवजी प्रोफेसरांकडे 'इनकम्प्लीट' ग्रेड मागणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. क्रेडिट टिकतात, उरलेलं काम नंतर करता येतं.

असिस्टंटशिप (विद्यापीठातलं शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम) नावनोंदणीला बांधलेली असते, त्यामुळे रजेत स्टायपेंड आणि फीमाफी दोन्ही थांबतील असं धरूनच महिन्याचा हिशेब करा. पीएचडीवाल्यांनी ग्रॅज्युएट डायरेक्टरकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: पदवीच्या कालमर्यादेत आणि क्वालिफायरच्या (पीएचडीच्या पात्रता परीक्षेच्या) मुदतीत रजेचा काळ धरणार नाहीत, आणि परतल्यावर फंडिंगचं काय. गाइडचं तोंडी 'काळजी करू नकोस' मनापासूनचं असतं, पण ग्रँट संपली की गाइडही हतबल होतो.

भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर रजेचं पत्र शाखेला पाठवून कोर्सची मुदत वाढवून मागा. नाही कळवलं तर बँक मूळ तारखेप्रमाणे हप्ते सुरू करते, आणि तो फोन आईवडिलांना जातो.

निघण्यापूर्वी डिस्चार्ज समरी, रिपोर्ट आणि स्कॅनच्या फाइल्स स्वतःजवळ घ्या. विद्यापीठाचा मेल बंद होण्याआधी सगळं उतरवून ठेवा. औषधांची यादी भारतातल्या डॉक्टरांना आधीच दाखवा: एडीएचडीवरचं अ‍ॅडरॉल भारतात मिळत नाही, पर्याय वेळेवर ठरवावा लागतो.

कारण मानसिक आजार असेल तरी कार्यपद्धती तीच, आणि कागदोपत्री तो कुठल्याही शारीरिक आजाराइतकाच वैध आहे. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येत असेल तर हा कागद बाजूला ठेवा आणि अमेरिकेत ९८८, भारतात टेलिमानसच्या १४४१६ वर आत्ता फोन करा. कागदपत्रं दुसरं कोणीही बघू शकतं.

परत येताना

सत्राच्या तीन-चार महिने आधी सुरुवात करा. विभागाचा पुनर्प्रवेश अर्ज, 'शिक्षण पुन्हा सुरू करण्यास तंदुरुस्त' असं डॉक्टरांचं पत्र, पैशांचे ताजे पुरावे, मग आय-२०. नवा व्हिसा लागणार असेल तर मुलाखत धरूनच चाला. मुंबईत उन्हाळ्यातल्या तारखा लवकर भरतात. जुनी नोंद सुरू होणार असेल तर सेव्हिसमध्ये ती 'अ‍ॅक्टिव्ह' दिसते आहे असा डीएसओचा मेल हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. नव्या आय-२० वर कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी प्रवेश मिळत नाही.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात डिसअ‍ॅबिलिटी कार्यालयात नाव नोंदवा. परीक्षेला जादा वेळ किंवा हजेरीत सवलत मागितल्या तारखेपासूनच मिळते.