ऑनलाइन लॅब घेताय? मग सर्किट बिघडवून द्या

इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल रिमोटली, सिम्युलेटरवर (म्हणजे कॉम्प्युटरवरच सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) घ्यायचं असेल तर एक करा, सगळ्यांना एकच सर्किट देऊ नका, नाहीतर एकाची फाइल पन्नास जणांच्या नावाने येते (आणि ग्राफचा रंगसुद्धा बदललेला नसतो!). मी रोल नंबरवरून व्हॅल्यू देतो. म्हणजे आरसी लो-पास फिल्टर (रेझिस्टर-कपॅसिटरचं, कमी फ्रिक्वेन्सीच पुढे जाऊ देणारं सर्किट) असेल तर कपॅसिटर सगळ्यांना 0.1 मायक्रोफॅरड, पण रोल नंबर 37 ला रेझिस्टर 1.37 किलोओहम, मग त्याची कटऑफ (ज्या फ्रिक्वेन्सीच्या वर सिग्नल अडायला लागतो ती) साधारण 1.16 किलोहर्ट्झच यायला हवी, दुसरं काही आलं की लगेच कळतं.

पण खरी मजा बिघाड शोधण्यात आहे. सिम्युलेटरमध्ये सगळं पहिल्या झटक्यात चालतं, लॅबमध्ये कधी चालतं का तसं? म्हणून फाइल पाठवतानाच त्यात काहीतरी गडबड करून ठेवायची, कुठे ग्राउंड तोडायचा, कुठे डायोड उलटा लावायचा. माझी आवडती खोडी म्हणजे एलटीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये रेझिस्टरला 1एम लिहून ठेवणं, पोरं मेगाओहम समजतात पण स्पाइस ते मिलिओहम धरतं, मेगासाठी मेग लिहावं लागतं. अर्धा तास डोकं खाजवतात पण नंतर जन्मात विसरत नाहीत.

रिपोर्टऐवजी दोन मिनिटांचा स्क्रीन रेकॉर्डिंग मागवा, कुठे प्रोब लावला, काय वाटलं, का वाटलं ते बोलून दाखवायचं. तपासायला वेळ जातो हे खरंय, पण कोणाला समजलंय ते आवाजावरूनच कळतं.