खांद्याच्या दुखापतीनंतर पुन्हा गोल्फ: या चुका टाळा

"आता अजिबात दुखत नाहीये, रविवारी येतोच खेळायला." खांदा दुखावलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की माझे तीन प्रश्न ठरलेले असतात. त्या कुशीवर रात्रभर झोपता येतं का? हात डोक्यावर नेताना मध्येच कुठे अडकतो का? आणि दुखापतीनंतर आत्तापर्यंत नुसता पटर (बॉल हळूच भोकाकडे ढकलायचा क्लब) तरी हातात घेतलास का? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही, डायरेक्ट कोर्सवरच" असं येतं, आणि मग पुढच्या महिन्याभरात हाच माणूस पुन्हा ऑर्थोपेडिककडे बसलेला असतो. इतक्या वर्षांत इतक्या जणांचं हेच बघितलंय म्हणून आता एकदाचं सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात मोठी चूक हीच की दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला असं धरून चालायचं. खांद्याचा सांधा फार मोकळा असतो, त्याची खोबण उथळ, म्हणून हात एवढा सगळीकडे फिरतो. पण त्या उथळ खोबणीत हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवायचं काम रोटेटर कफच्या, म्हणजे सांध्याभोवतीच्या चार स्नायूंचं आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांचं, म्हणजे टेंडनचं. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते भरून यायला वेळ लागतो. ऑपरेशन करून कफ शिवला असेल तर साधारण 4 ते 6 आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात, टेंडन हाडाला नीट धरायला 12 आठवड्यांच्या आसपास, आणि ताकद यायला त्यानंतर आणखी कित्येक महिने. दुखणं मात्र यातल्या बऱ्याच गोष्टींच्या आधीच कमी होतं. म्हणजे मधला मोठा काळ असा असतो की माणसाला एकदम बरं वाटत असतं आणि आत टेंडन अजून कच्चंच असतं, आणि नेमकं याच काळात लोक ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, बाहेर काढतात.

ड्रायव्हरबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. आमच्या नेहमीच्या चौघांपैकी एकाचा डावा खांदा, कफ शिवलेला. फिजिओने चौथ्या महिन्यात चिपिंगला (ग्रीनजवळून मारायचे छोटे, हलके फटके) परवानगी दिली होती, फक्त चिपिंगला. दोन आठवडे त्याने ते अगदी शहाण्यासारखं केलं, आणि मग एके दिवशी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शेजारच्या जागेवरचा माणूस लांब लांब मारत होता ते बघून याने ड्रायव्हर काढला. पहिला बॉल हळू मारला, दुखलं नाही. दुसरा थोडा जोरात, तरी दुखलं नाही. मग बॉलची अख्खी बादली संपवली. मी म्हटलं, "बास कर, उद्या कळेल", तर म्हणाला, "अरे, दुखतच नाहीये तर!" त्या दिवशी खरंच नाही दुखलं. रात्री झोप लागेना, दुसऱ्या दिवशी शर्टच्या बाहीत हात घालता येईना, एमआरआयमध्ये शिवलेला टेंडन पुन्हा फाटलेला निघाला. दुसरं ऑपरेशन, पुन्हा पट्टा, पुन्हा पहिल्यापासून फिजिओ, आणि दुसऱ्यांदा शिवलेलं टेंडन पहिल्यासारखं होत नाही हे त्याला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पूर्ण सीझन गेला. मला आजही त्याचं वाईट वाटतं कारण मेहनत करायची त्याची तयारी होती, फक्त दोन महिने थांबायची नव्हती.

ड्रायव्हरच का, तर तो बॅगेतला सगळ्यात लांब, 45 इंचांच्या आसपास, त्याचं डोकं सगळ्यात वेगाने फिरतं, आणि तो हातात आला की हळू मारायचं कोणालाच जमत नाही. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून बॉलपर्यंत आणणं, सगळा मिळून सेकंदाच्या पाव भागाइतका. बॉल गेल्यानंतर एवढ्या वेगातला हात थांबवायचाही असतो, आणि ते ब्रेक लावायचं काम पुन्हा त्याच कफच्या स्नायूंचं. लोक फक्त मारण्याच्या जोराचा विचार करतात, थांबवण्याचा कोणीच करत नाही.

माझी सवय सांगतो, दुखापतीतून परत येणारा कोणी माझ्यासोबत खेळणार असेल तर त्याचा ड्रायव्हर घरीच राहतो. बॅगेत असला की निघतोच. आधी पटिंग, मग चिपिंग, मग छोटे पिच (चिपपेक्षा उंच जाणारे फटके), मग वेजने (बॉल उंच उडवणारा छोटा क्लब) अर्धा स्विंग, मग 9 नंबरचं आयर्न, 8 नंबर, मग 7 (नंबर कमी तसा क्लब लांब), पुढे हायब्रिड (आयर्नपेक्षा लांब मारणारा क्लब), आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर. बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवून मारा, आयर्नसुद्धा, म्हणजे जमिनीचा झटका बसत नाही. कफच्या ऑपरेशननंतर साधारणपणे पटिंग 3 महिन्यांच्या आसपास आणि पूर्ण स्विंग 6 महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा असं चालतं, पण फाटलेलं मोठं असेल तर हे सगळं आणखी पुढे जातं, त्यामुळे तुमच्या सर्जनने दिलेली तारीख खरी, मित्राची नाही. आणि प्रत्येक नव्या पायरीचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा. शर्ट घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, मागच्या खिशात हात घालताना कालच्यापेक्षा जास्त दुखतंय? मग एक पायरी खाली. दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं आणि चोवीस तासांत शांत झालं तर चालतं. रेंजवर उभं राहून "आत्ता कसं वाटतंय" याला काही अर्थ नाही, खांदा उशिरा बोलतो.

आणि हे फक्त हौशी लोकांचं नाही. अमेरिकेचा व्यावसायिक गोल्फर जेरी पेटने 1976 ची यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली, वय 22. 1982 मध्ये त्याचा डावा खांदा गेला, मग ऑपरेशनं झाली, आणि त्या वर्षानंतर पीजीए टूरवर (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक मालिका) तो पुन्हा कधीच जिंकला नाही, जिंकला तो थेट पन्नाशीनंतर सीनियर्सच्या टूरवर. खेळ हाच धंदा असलेल्या माणसाची ही गत, आणि जेमतेम सहा महिन्यांपूर्वी गोल्फ सुरू केलेला माणूस मला विचारतो की तीन आठवड्यांत टूर्नामेंट आहे, काही शॉर्टकट आहे का. नाही. जुने खेळाडू निदान थांबतात, नव्यांनाच जास्त घाई असते, कारण आपण शिकलेलं सगळं विसरून जाऊ अशी त्यांना भीती वाटते. विसरत नाही. उलट ज्यांनी तीन-चार महिने फक्त पटिंग-चिपिंग केलं त्यांचा स्कोअर परत आल्यावर सुधारलेला मी बघितलाय.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे खांदा वाचवायचा म्हणून शरीर आखडून नुसत्या हातांनी स्विंग करणारे. वाटतं असं की कमी हललो म्हणजे कमी दुखेल. होतं नेमकं उलटं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खांदा बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे-वर नेताना, छातीवरून आडवा ओढला जातो, आणि कंबर आणि पाठीचा वरचा भाग वळला नाही तर क्लब वरपर्यंत न्यायला ती सगळी कसर तो एकटा खांदा भरून काढतो, वरच्या टोकाला कॉलरबोनच्या शेवटी असलेल्या एसी जॉइंटवर सगळा दाब येतो. फ्रोजन शोल्डरमधून (आखडून गेलेल्या खांद्यातून) उठलेल्या एक बाई आमच्यासोबत खेळतात, खांदा वळत नव्हता म्हणून त्यांनी कोपर वाकवून वाकवून बॅकस्विंग लांब करायला सुरुवात केली. खांदा तसाच राहिला आणि कोपराचं दुखणं वर मागे लागलं. त्यांच्या फिजिओने खांद्याला हात लावायच्या आधी दोन आठवडे फक्त कंबर आणि पाठ मोकळी करून घेतली, आणि स्विंग आपोआप सुटला.

यावर मी जे सांगतो ते फार साधं आहे. खुर्चीत बसायचं, हात छातीवर घडी घालून, पाय जमिनीला घट्ट, आणि पाठ दोन्ही बाजूंना सावकाश वळवायची, रोज. उभं राहताना दोन्ही पावलांचे चवडे थोडे बाहेर फिरवायचे, कंबर लगेच जास्त वळते. बॅकस्विंगमध्ये डावी टाच थोडी उचलली तरी बिनधास्त उचलू द्या, जॅक निकलॉस आयुष्यभर टाच उचलून खेळला आणि 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकला, त्यामुळे टाच हलली म्हणून टोकणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आणि बॅकस्विंग छोटा ठेवा, डावा हात जमिनीला समांतर आला की पुरे. बॉल थोडा कमी लांब जाईल, मग एक पायरी लांबचा क्लब घ्या. यात कमीपणा कसला?

नेमकं कधी दुखतं याचीही नोंद ठेवा, फिजिओला त्याचा फार उपयोग होतो. बॅकस्विंगच्या टोकाला दुखतं, बॉलला लागताना दुखतं की फॉलोथ्रूमध्ये (बॉल गेल्यानंतर हात पुढे जाताना), यावरून बरंच कळतं. "खांदा दुखतो" एवढंच सांगितलं तर समोरचा तरी काय करणार.

गोळी खाऊन खेळायला जाणं, हे कृपा करून करू नका. दुखणं हा एकच इशारा आपल्याकडे असतो, तो बंद करून अठरा होल मारायचे म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन चौथ्या दिवशी टूर्नामेंट खेळणारेही आहेत, त्याने आराम पडतो पण फाटलेलं शिवलं जात नाही, आणि इंजेक्शननंतर किती दिवस थांबायचं ते डॉक्टर सांगतात ते ऐकायचं असतं.

बॅग दुखऱ्या खांद्यावर नको आणि चांगल्यावरही नको, ट्रॉली घ्या आणि ती पुढे ढकला, मागून ओढली की हात पाठीमागे ताणला जातो. कडक मॅटवरून बादलीच्या बादली मारू नका, मॅट चुकीचा फटका लपवते पण झटका लपवत नाही. खोल रफमधून (लांब वाढलेल्या गवतातून) वीरासारखं आयर्न मारण्यापेक्षा वेजने बाजूला काढा, आणि सुरुवातीचे काही महिने बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेलेला बॉल सरळ हाताने उचला, मित्रांसोबतच्या राउंडला कोण काय म्हणणार आहे. आधी 9 होल, मध्ये एक दिवस सुट्टी. पार्किंगमधून थेट पहिल्या टीवर नको, दहा मिनिटं तरी अंग गरम करा.

रबर बँडचे व्यायाम दुखणं थांबलं की सगळे सोडतात, आणि खरं तर तेव्हाच त्यांची गरज सुरू होते. कोपर बरगडीला चिकटवून, मध्ये गुंडाळलेला टॉवेल धरून, हात सावकाश बाहेर फिरवायचा आणि त्याहून सावकाश परत आणायचा, हलक्या बँडने. जाड बँड घेऊन झटके मारले की काम मोठे स्नायू करतात आणि कफ तसाच राहतो. खवाटे मागे-खाली ओढायचा व्यायामही त्यातच धरा. मी हे आठवड्यातून दोन-तीनदा करतो आणि खेळणं सोडेपर्यंत करणार. व्हिडिओ बघून बारला लटकणं, दुखरा हात छातीवरून जोराने ओढून ताणणं हे मात्र विचारल्याशिवाय नको, एसी जॉइंट दुखावलेला असेल तर त्याच स्ट्रेचने तो चिडतो.

खेळताना खांद्यात कट्ट आवाज आला आणि हात वर जाईना, बोटांपर्यंत मुंग्या यायला लागल्या, किंवा रात्रीचं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी दर आठवड्याला वाढतंय, तर आणखी एक राउंड खेळून बघू असं करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि हे विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांसाठी, डावा खांदा किंवा हात दुखतोय आणि सोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर ते जुन्या दुखापतीवर ढकलू नका, ते हृदयाचं असू शकतं. बॅग तिथेच टाका, सोबतच्यांना सांगा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा, आणि गाडी स्वतः चालवू नका.