आकडेवारीचं प्रेझेंटेशन गोष्टीतून कसं मांडावं

२७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. अमेरिकेत तीन ठिकाणची माणसं फोनवर एकत्र बोलत होती. युटामधल्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांना एकच गोष्ट पटवायची होती, उद्या सकाळी नासाचं चॅलेंजर अंतराळयान उडवू नका. यानाला वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटांच्या सांध्यांमधल्या रबरी ओ-रिंगा थंडीत कडक होतात, मग सांधा वेळेवर घट्ट बसत नाही आणि आतला तप्त वायू बाहेर येतो, ही त्यांची भीती. घाईघाईत तयार केलेले तेरा कागद त्यांनी फॅक्सने पाठवले. समोरून, नासाकडून, विचारणा झाली की उबदार दिवशीच्या उड्डाणातही रिंगेला इजा झालेली आहे, मग दोष थंडीचाच कसा? त्याचं ठसठशीत उत्तर त्या कागदांवर नव्हतं. शेवटी कंपनीच्या व्यवस्थापनाने आपल्याच इंजिनिअरांचा सल्ला बाजूला ठेवून होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

त्या निर्णयामागे वेळापत्रकाचा दबाव होता, वरिष्ठांच्या चुका होत्या. सगळा दोष तेरा कागदांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण तांत्रिक माहिती मांडणाऱ्या प्रत्येकाने ती संध्याकाळ लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. आकडे खरे असले, माणसं प्रामाणिक असली, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं नाही तर निर्णय भलतीकडे जाऊ शकतो. चित्र उभं करायचं काम गोष्ट करते. ती कशी रचायची, हे एक उदाहरण सोबत घेऊन पाहू.

समजा, तुम्ही एका तालुका दूध संघाची आकडेवारी तपासता. उन्हाळ्यात काही केंद्रांचं दूध नासतं, टँकर परत पाठवावे लागतात. वर्षभराच्या नोंदी तुमच्याकडे आहेत आणि शुक्रवारी संचालक मंडळासमोर वीस मिनिटं मिळणार आहेत.

१. आधी निर्णय लिहून काढा

लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा. बैठक संपताना समोरच्यांनी नेमकं काय करायला हवं? ‘दूध खराब होण्याच्या कारणांचा आढावा’ हा झाला विषय. निर्णय असा लिहावा लागतो: ‘उन्हाळा सुरू होण्याआधी या तीन केंद्रांवर बल्क कूलर बसवायला आज मंजुरी द्यावी.’ (बल्क कूलर म्हणजे केंद्रावरच दूध थंड करून ठेवणारी मोठी टाकी.) हे वाक्य जमत नसेल तर विश्लेषण अजून पुरं झालेलं नाही, परत नोंदींकडे जा. जमलं असेल तर ज्या स्लाइडचा त्याच्याशी संबंध नाही, ती कितीही मेहनतीने केलेली असली तरी काढा. जीवावर येतं, पण काढाच.

ऐकणारे कोण, हेही त्याच कागदावर लिहा. संचालकांपैकी बरेच जण स्वतः डेअरीला दूध घालणारे. त्यांना सहसंबंध गुणांक सांगू नका, किटलीबद्दल बोला. उलट समोर डेअरी टेक्नॉलॉजिस्ट असतील तर तपासणीची पद्धत आधी सांगावी लागेल, नाहीतर ते गोष्ट ऐकणारच नाहीत.

२. आकड्यांतला वेगळा ठिपका शोधा

गोष्ट बाहेरून आणून चिकटवायची नसते. ती आकड्यांतच असते आणि बहुतेक वेळा जिथे आकडा ओळीतून बाहेर पडतो तिथे सापडते. याचं लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा भडकला. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली. दूषित हवेमुळे रोग होतो, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. स्नो यांचा संशय पाण्यावर, तिथल्या सार्वजनिक पंपावर होता. त्यांनी ८३ मृत्यूंची यादी मिळवली. जवळजवळ सगळे त्या पंपाच्या आसपासचे. ‘बहुतेक मृत्यू पंपाजवळचे’ एवढ्यावर थांबले असते तर ‘तिथली हवाच वाईट’ म्हणून विषय संपला असता. पण यादीतली दहा माणसं दुसऱ्या पंपाच्या जास्त जवळ राहणारी होती आणि स्नो त्या दहांच्या मागे लागले, दारोदार गेले. पाच घरांनी सांगितलं, आम्हाला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडतं, आम्ही तिथूनच आणवतो. आणखी तीन मुलं त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी निघाली.

उलट्या बाजूचेही अपवाद त्यांनी पाहिले. पंपापासून जवळच एक बिअरची भट्टी होती. तिथल्या सत्तरच्या वर कामगारांपैकी कॉलऱ्याने एकही दगावला नव्हता. मालकाने सांगितलं, यांना इथेच बिअर मिळते, पंपाचं पाणी हे पीतच नाहीत. आणि कित्येक किलोमीटर लांब हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली, त्या भागात दुसरं कोणी आजारी नसताना. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची. तिथल्या पाण्याची चव तिला इतकी आवडायची की रोज गाडीतून त्या पंपाच्या पाण्याची बाटली तिच्या घरी पोचायची. हॅम्पस्टेडची हवा ब्रॉड स्ट्रीटची नव्हती, पाणी मात्र तिथलंच होतं.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो स्थानिक मंडळासमोर बोलले आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. त्यांचा प्रसिद्ध नकाशा नंतर तयार झाला, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे आधी नकाशा आणि ग्राफ काढायची घाई असते. स्नो आधी माणसांपर्यंत गेले.

तुमच्या दूध संघातही हेच करा. लांबच्या केंद्रांचं दूध नासतं, हे सगळ्यांना माहीत आहे. एखादं लांबचं केंद्र असं आहे का, जिथलं दूध कधीच नासत नाही? तिथे जाऊन या. कदाचित तिथला सचिव किटल्या विहिरीच्या गार पाण्यात उभ्या करत असेल. तसं दिसलं तर तुमची अर्धी गोष्ट तिथेच मिळाली.

३. एका किटलीमागे चालत जा

हजारो नोंदींमधून एक निवडा आणि तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊन सोडा. फरक किती पडतो ते पाहा. पहिली मांडणी अशी:

‘एप्रिल-मे कालावधीत संकलन व शीतकरण यांतील कालांतर आणि नाकारलेल्या दुधाचे प्रमाण यांमध्ये धन सहसंबंध आढळून आला.’

दुसरी:

‘ही चाळीस लिटरची किटली. सकाळी सव्वासहाला धार काढली तेव्हा दूध म्हशीच्या अंगाइतकं कोमट होतं. पावणेसातला ते केंद्रावर आलं. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) उत्तम, तक्रारीला जागा नाही. मग किटली पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. टँकर साडेनऊला आला, चिलिंग सेंटरला पोचायला पावणेअकरा वाजले. दूध चार अंशांवर न्यायचं असतं. हे साडेचार तास कोमटच राहिलं. धार काढणाऱ्याचा दोष नाही, सचिवाचा नाही, ड्रायव्हरचाही नाही. दूध या साडेचार तासांत नासलं.’

दुसऱ्या मांडणीत भावनेचं एकही विशेषण नाही. वेळ, जागा, तापमान आणि त्याच त्या किटलीचा प्रवास, एवढंच आहे. भावना ओतायला जाऊ नका. ‘बिचारा शेतकरी’ म्हटलं की संचालक मान डोलवतात आणि विसरतात. पावणेअकरा वाजले, हे त्यांच्या लक्षात राहतं.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. निवडलेली किटली सर्वसाधारण असली पाहिजे. वर्षातली सर्वांत वाईट सकाळ उचलून ‘रोज असंच होतं’ असं भासवलं तर ती फसवणूक आहे. निवड झाल्यावर तपासा: अशा किती किटल्या आहेत? तो आकडा गोष्टीच्या पुढच्याच वाक्यात सांगा. एकीवरून सगळ्यांकडे जाणारं हे वाक्य सुटलं तर उरतो नुसता किस्सा.

४. क्रम ठरवा

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांताचं निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान येऊन तो सिद्धांत मनात उतरवतं. तिथे श्रोता श्रद्धेने आलेला असतो, त्यामुळे सिद्धांत आधी चालतो. बैठकीतला श्रोता शंका घेऊन आलेला असतो. म्हणून इथे मी आख्यान आधी ठेवतो. किटलीचा प्रवास, मग तशा किटल्यांची संख्या, मग कारण, मग उपाय आणि त्याचा खर्च. विश्लेषणाची पद्धत शेवटी, किंवा कोणी विचारलं तर.

वरिष्ठ फार घाईत असतील तर पहिल्या वाक्यातच मागणी सांगून टाका आणि मग गोष्टीला लागा. रहस्यकथेसारखं शेवटपर्यंत ताणून धरायची गरज नाही.

५. ग्राफमध्ये न घडलेलंही दाखवा

इथे पुन्हा चॅलेंजरकडे यावं लागतं. आधी शटलची २४ उड्डाणं झालेली होती. तपमान आणि इजा यांचा विचार करताना फक्त ज्या सात उड्डाणांत रिंगांना इजा झाली तीच पाहिली गेली. त्या सात ठिपक्यांत सर्वांत थंड उड्डाण १२ अंश सेल्सिअसचं होतं आणि २४ अंशांचंही एक होतं. ठिपके विखुरलेले, म्हणजे संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष निघू शकत होता. नंतर चौकशी आयोगाने इजा न झालेली उड्डाणंही त्याच ग्राफवर घातली आणि चित्र एकदम पालटलं. साधारण १९ अंश आणि त्यावरच्या २० उड्डाणांपैकी फक्त तीन उड्डाणांत इजा. १७ अंश आणि त्याखालची उड्डाणं चार, त्या चारही उड्डाणांत इजा. आणि त्या सकाळी पारा दोन अंशांच्या आसपास होता.

हे वाचताना आजही पोटात कालवतं. आकडे हाताशी होते, पण जिथे काही बिघडलं नाही ती उड्डाणं कोणाला महत्त्वाची वाटली नाहीत.

म्हणून दूध नासलं त्या दिवसांबरोबर न नासलेले दिवसही ग्राफवर घाला. एका ग्राफने एकच गोष्ट सांगावी आणि शीर्षक पूर्ण वाक्यात असावं. ‘केंद्रनिहाय वेळ व नासाडी’ ऐवजी ‘तीन तासांपुढे किटली थांबली की दूध नासू लागतं’, अर्थात तुमच्या नोंदी तसं म्हणत असतील तरच. बाकी रेषा फिक्या करा, बोट ठेवायची रेषा गडद ठेवा. रंगांचं एवढंच पुरे.

आणि शक्य असेल तर खरी वस्तूच टेबलावर ठेवा. चौकशी आयोगावरचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ११ फेब्रुवारी १९८६ ला भर सुनावणीत ओ-रिंगचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. बाहेर काढून क्लॅम्प सैल केल्यावर रबर लगेच मूळ आकारात आलं नाही. जे बघत होते त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही. तुम्ही दुधाच्या दोन बाटल्या नेऊ शकता, एक गार ठेवलेली, एक सकाळपासून शेडमध्ये ठेवलेली. झाकण उघडून फिरवा.

६. मोठे आकडे हातात मावतील असे करा

टक्के आणि लाख-कोटी ऐकणाऱ्याच्या रोजच्या मापात आणा. ‘संकलनाच्या अमुक टक्के’ म्हणण्याऐवजी ‘दर आठवड्याला इतके टँकर’ म्हणा. मूळ आकडा स्लाइडवर राहू द्या.

७. विरोधातली गोष्ट तुम्हीच आधी सांगा

स्नो यांनी पुढे स्वतःच लिहिलं की दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, त्यामुळे तेवढ्यानेच ती थांबली असं ठामपणे म्हणता येत नाही. या कबुलीमुळे मला त्यांचं बाकीचं म्हणणं जास्त विश्वासाचं वाटतं. तुमच्याकडेही एखादं केंद्र असेल, जिथे कूलर असूनही दूध नासलं. ते लपवू नका, कोणीतरी संचालक त्याच गावचा निघणार. ‘या केंद्रावर कूलर आहे, पण वीज जाते आणि जनरेटर नाही. म्हणून आपल्या मागणीत जनरेटरचाही खर्च धरला आहे.’ अडचण ठरू शकणारा प्रश्न असा तुमच्याच बाजूला येतो.

८. स्लाइडशिवाय एकदा सांगून पाहा

बैठकीच्या आदल्या रात्री घरातल्या कोणाला तरी, ज्यांचा तुमच्या कामाशी संबंध नाही अशांना, चहा घेताना सगळं तोंडी सांगा. लॅपटॉप बंद. त्यांच्या तोंडून येणारे तीन शब्द कान देऊन ऐका. ‘मग?’ आलं तर तिथे गोष्ट चालू आहे, ती जागा तशीच ठेवा. ‘म्हणजे?’ आलं तर एखादा शब्द किंवा एखादी पायरी सुटली आहे, तिथे खूण करा. आणि ‘बरं’ म्हणत त्यांनी कप उचलला, तर तिथला भाग कापा. मग दुसऱ्या कोणाला तरी, यावेळी खुणा केलेल्या जागा सुधारून, पुन्हा पहिल्यापासून सांगा.