सर्व्हरवर पॉवर कॅप लावताना या चुका टाळा

पॉवर कॅप म्हणजे सर्व्हरने जास्तीत जास्त किती वीज ओढावी, याची घातलेली मर्यादा. पॉवर सप्लायवर ८०० वॉट छापलंय म्हणून हिशेबातही ८०० वॉट धरायचे, ही सगळ्यात जुनी चूक. सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच तो आकडा सांगतो. सर्व्हर प्रत्यक्षात किती ओढतो हे बीएमसीला (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या, मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपला) विचारा, तेही महिनाअखेरचं काम आणि रात्रीचा बॅकअप चालू असताना. पाच मिनिटांच्या सरासरीवर विसंबू नका, छोटे पीक तिच्यात बुडून जातात.

खरी गफलत होते ती ए आणि बी फीडच्या हिशेबात, म्हणजे सर्व्हरच्या रॅकला वीज देणाऱ्या दोन स्वतंत्र लाइनच्या; एक गेली तर दुसरीने सगळा भार उचलायचा असतो. समजा, रॅकला २३० व्होल्टचे ३२ अँपिअरचे दोन सिंगल-फेज फीड आहेत. सतत चालणारा लोड ८० टक्क्यांच्या आत ठेवला, तर एका फीडवर साधारण ५.९ किलोवॉट मिळतात. दोन्ही पीडीयूवर (फीडची वीज सर्व्हरना वाटणाऱ्या पट्ट्यांवर) चार-चार किलोवॉट दिसले की वाटतं, अजून जागा आहे. पण ए गेला की आठच्या आठ किलोवॉट बीवर येतात आणि त्याचाही ब्रेकर पडू शकतो. म्हणजे दोन फीड असूनही रॅकचं बजेट ५.९ च! स्विचसाठी ३०० वॉट बाजूला काढले आणि सर्व्हर १४ असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४०० वॉट येतात. कॅप इथून ठरते.

ही ४०० ची कॅप इंटेलच्या आरएपीएलमध्ये (प्रोसेसरमधल्याच वीज-मर्यादेच्या सोयीत) टाकून मोकळं होऊ नका. आरएपीएलला सहसा प्रोसेसर आणि फार तर मेमरी कळते. पंखे, डिस्क, कार्ड आणि सप्लायमधला लॉस सहसा त्याच्या हिशेबात नसतो. हॉलचं तापमान चढलं की पंखे जोरात फिरतात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अख्ख्या सर्व्हरची मर्यादा बीएमसीतूनच लावलेली बरी.

तिथे एक सेटिंग मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. डीसीएमआयमध्ये (बीएमसीला असे आदेश द्यायच्या प्रमाणित पद्धतीत) मर्यादा पाळता आली नाही तर काय करायचं, याचा पर्याय असतो, आणि त्यातला एक चक्क सर्व्हर बंद करतो. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खरं काम चालणाऱ्या सर्व्हरवर, फक्त लॉगिंग (नोंद करणं) ठेवा.

कॅप फार खाली नेली तर सर्व्हर मरत नाही, रेंगाळतो. सीपीयू १०० टक्के दिसतो, क्वेरी मात्र लांबतात, आणि सगळे डेटाबेसवाल्याच्या मागे लागतात. अशा वेळी आधी टर्बोस्टॅट या लिनक्सवरच्या टूलने प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी बघा. ती बेस फ्रिक्वेन्सीच्याही खाली गेली असेल, तर कॅपवर संशय घ्या आणि ती थोडी वर नेऊन फरक पडतो का बघा. टर्बोच्या (बेसपेक्षा जास्त फ्रिक्वेन्सीच्या) वरच्या टोकाला थोड्याशा वेगासाठी बरीच वीज जाते, त्यामुळे सुरुवातीची कपात फारशी जाणवत नाही. त्याखाली गेलं की कामाचा वेग झपाट्याने घसरतो.

जीपीयूची गोष्ट वेगळी. एनव्हिडिया-एसएमआय या एनव्हिडियाच्या कमांडने लावलेली मर्यादा रीबूटनंतर टिकत नाही. ती सिस्टमडी सर्व्हिसमध्ये (लिनक्स सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कामात) टाका, नाहीतर वीज जाऊन आल्यावर सगळी कार्डं पुन्हा मूळ मर्यादेवर चालू होतील.