पोरं पुढं काय करणार हे सांगणाऱ्या मशीनवर किशोर कादंबरी लिहायची असेल तर

आयडिया बऱ्याच जणांच्या डोक्यात असते. एक अ‍ॅप आहे आणि ते अकरावीतल्या पोरांना सांगतं की तू नापास होणार, तू घर सोडून जाणार, तू मारामारीत सापडणार. ऐकायला भारी वाटतं पण वीसेक पानं झाली की गोष्ट हलत नाही, कारण मशीनला सगळंच कळतं म्हटल्यावर पोरांनी करायचं काय? म्हणून मशीन किती चुकतं आणि कुठं चुकतं हे लिहायला बसायच्या आधीच ठरवून टाका, बाकीचं नंतर.

यासाठी खऱ्या जगातला मसाला भरपूर आहे. अमेरिकेत ४,२४२ कुटुंबांची, मूल जन्मल्यापासून गोळा केलेली माहिती १६० टीम्सना दिली होती आणि सांगितलं की पंधराव्या वर्षी पोराला मार्क किती, घरात पैशाची ओढाताण आहे का, राहतं घर सोडावं लागलं का, हे ओळखून दाखवा. २०२० मध्ये निकाल छापून आला तर मोठमोठी कॉम्प्युटर मॉडेलं चारच गोष्टी धरून केलेल्या साध्या हिशोबापेक्षा जेमतेम बरी निघाली. आणि त्या चारातल्या तीन पोराबद्दल नाहीतच, आईबद्दल आहेत, तिचं शिक्षण वगैरे. कादंबरीवाल्याला अजून काय पाहिजे, मशीन पोराकडं बघतच नाही, त्याच्या घराकडं बघतं! त्याच वर्षी इंग्लंडात कोविडमुळं बारावीच्या तोडीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि मार्क अल्गोरिदमनं लावले, त्यात शाळेचे जुने निकाल धरलेले, त्यामुळं जवळजवळ ४० टक्के ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या, पोरं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारला ते मागं घ्यावं लागलं. मार्शमेलोचा प्रयोग, म्हणजे लहान पोरासमोर गोड ठेवायचं, थोडं थांबलास तर दोन देतो म्हणायचं आणि किती थांबलं त्यावरनं त्याचं पुढचं ओळखायचं, तो मात्र घालू नका, तो सगळ्यांनी वापरून चोथा केलाय, आणि २०१८ मध्ये जास्त मुलं घेऊन परत तपासला तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर त्यात फारसा दम उरला नाही.

आता हे सगळं सांगलीत आणा. उगाच काचेच्या बिल्डिंगीतली कंपनी दाखवायची गरज नाही, विश्रामबागमधला एखादा क्लास पुरे. हजेरी अंगठ्यावर, पालकांना मेसेज, टेस्टचे मार्क, अ‍ॅडमिशनच्या वेळी भरून घेतलेला फॉर्म, सगळा डेटा तिथं आहेच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या पोरांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे, काही ठिकाणी सूट मिळू शकते, तर तुमचा क्लासवाला त्या सुटीतनं कसा वाट काढतो हे एक पूर्ण प्रकरण होतं. त्याला व्हिलन करू नका. त्याला मनापासनं वाटतंय की आपण पोरांचं भलं करतोय, आणि असाच माणूस जास्त नुकसान करतो.

खरी मजा भाकीत ऐकणाऱ्या माणसात असते. समजा हिरोईनच्या वडिलांचं मारुती चौकात दुकान आहे. दर पावसाळ्यात हा माणूस फोनवर एकच बघतो, कोयनेतनं किती क्युसेक सोडलं आणि आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं. त्या वर्षी आकडा बघून त्यानं वेळेत माल माळ्यावर टाकला म्हणून थोडाफार वाचला, तेव्हापासनं आकड्यावर त्याचा देवासारखा विश्वास. आता क्लासनं त्याला सांगितलं की पोरगी घर सोडून जायची शक्यता ७१ टक्के, तर तो हसण्यावारी नेईल का? पण पाण्याला आपण किती फूट चढणार हे कुणी सांगत नसतं, पोरीला सांगतात, आणि ऐकलं की ती बदलते. सगळी कादंबरी इथं आहे.

म्हणून त्याला ओरडताना दाखवू नका, अशी बारीक गोष्ट दाखवा:

"पप्पा, रोज कशाला येताय न्यायला? सायकल हाय की माझी."

"असू दे गं. वाटेतच होतो."

मारुती चौकातल्या दुकानदाराला विश्रामबाग वाटेत लागत नाही, हे तिलाही कळतं. मग फोन तपासला जातो, मैत्रिणीकडं जाणं बंद होतं, आई मध्येच रात्री उठून दार बघून जाते, आणि जिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं तिला आता खरंच पळून जावंसं वाटायला लागतं. ७१ चा आकडा आला कुठनं हे बऱ्याच उशिरा उघड करा. गोष्टीतल्या पुरात घरात पाणी शिरलं म्हणून ती महिनाभर क्लासला गेली नाही, मशीननं ते 'दांड्या मारते' म्हणून धरलं. बस्स एवढंच. मोठं कारस्थान नको.

भाषेचं म्हणाल तर पोरांच्या तोंडी सारखं 'ब्रो ब्रो' घालू नका, सहा महिन्यांत शिळं होतं, 'लका' आणि 'हाय की' जास्त टिकतात. टक्केवारी सारखी सारखी नको, पूर्ण पुस्तकात चार-पाच वेळा आली तरी पुष्कळ.

शेवटाला सर्व्हर जाळायचा सीन अजिबात नको. पोरगी एकदा न सांगता मिरजेला मावशीकडं जाते, भडंगाचं पाकीट फोडून गप्पा मारत बसते, संध्याकाळी परत येते. आता मशीनच्या खात्यात हे 'गेली' म्हणून लागणार की 'नाही गेली' म्हणून? वडील आणि क्लासवाला यावर भांडू देत, तुम्ही निकाल देऊ नका.

खर्डा झाला की दहावी-अकरावीतल्या दोघातिघांना वाचायला द्या, मोठ्यांना नंतर. आवडलं का विचारू नका, तोंडावर हो म्हणतील. कुठल्या पानावर फोन हातात घेतला तेवढं विचारा आणि ते पान परत लिहा.