सहीचा एक्स्पर्ट लावायच्या आधी: इंदूरच्या कोर्टात नवीन आलेल्या ज्युनिअर मंडळींसाठी

चेक बाउन्सच्या फाइलीत आपला पक्षकार, म्हणजे ज्याच्यावर केस झालीय तो, म्हणाला "सही माझी नाही" की नवीन ज्युनिअरचा चेहरा उजळतो. मला माहितीये, माझाही उजळायचा. तो चेक हँडरायटिंग एक्स्पर्टकडे पाठवायचा अर्ज टाकला, रिपोर्ट आला, आपण सुटलो! तज्ज्ञाच्या मताचं जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ४५ म्हणजे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ३९, १ जुलै २०२४ पासून नंबर बदलले, हे तुम्हाला पाठच असणार, त्यात वेळ घालवत नाही.

आधी पक्षकाराला नीट खोदून विचारा की सही तुझी नाही, का फक्त रक्कम आणि तारीख तू भरली नाहीस? सियागंजच्या एखाद्या दुकानदाराने उधारीपोटी कोरा चेक सही करून ठेवायला दिलेला असतो आणि मग उत्तर येतं, "भिया, साइन तो मेरी है, पर भरा किसने?" इथे हँडरायटिंग एक्स्पर्ट काही कामाचा नाही. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार (२०१९) आणि ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स विरुद्ध प्रबोध कुमार तिवारी (२०२२), दोन्ही वाचा. सही कबूल असेल तर चेक कोणी भरला याने कलम १३९ चं गृहीतक (चेक देण्यापोटीच दिला होता असं कोर्ट आधी धरून चालतं, ते) उडत नाही, देणंच नव्हतं हे दुसऱ्या पुराव्याने दाखवावं लागतं. तरीही काही सीनियर असा अर्ज टाकायला लावतात, तारीख मिळते म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. अर्ज फेटाळला जातो आणि मॅजिस्ट्रेटच्या डोक्यात बसतं की ही पार्टी वेळ काढतेय.

आता सही खरंच वादात आहे असं धरा. मी अडकलो तो खड्डा इथे आहे, म्हणून जरा लांबण लावतो. अर्ज मंजूर झाला, पक्षकाराने कोर्टातच कागदावर ओळीने नमुना सह्या केल्या, ते पाकीट सह्या तपासणाऱ्या लॅबला गेलं, मी खूश. बऱ्याच तारखा गेल्यावर उत्तर काय, तर दिलेल्या सामग्रीवरून निश्चित मत देता येत नाही. बस्स. ना आपल्या बाजूने ना त्यांच्या, आणि गृहीतक त्यांच्या बाजूने असल्यामुळे नुकसान आपलंच.

कारण समजून घ्या. लॅबपुढे तीन प्रकार लागतात: वादातली सही, कबूल सह्या (म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधी रोजच्या व्यवहारात केलेल्या) आणि कोर्टात घेतलेल्या नमुना सह्या. आपण वादातल्या चेकसोबत फक्त तिसरा प्रकार पाठवतो. कोर्टात सगळे बघत असताना माणूस सही मुद्दाम बिघडवतो, नाहीतर इतकी जपून करतो की ती त्याची वाटतच नाही. शिवाय सही वर्षांबरोबर बदलते, वय होतं, हात थरथरतो. म्हणून चेकच्या तारखेच्या आसपासच्या कबूल सह्या लागतात, खातं उघडायचा फॉर्म, बँकेचं सहीचं कार्ड, पास झालेले जुने चेक, रजिस्ट्री, लोनचे कागद, जे मिळेल ते. ओरिजिनल हं! झेरॉक्समध्ये पेनाचा दाब दिसत नाही, पेन कुठे उचललं ते कळत नाही, आणि खरा खेळ तिथेच असतो.

आणि आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली खास भानगड म्हणजे काका सोसायटीच्या रजिस्टरमध्ये देवनागरीत सही करतात आणि बँकेत इंग्रजीत. चेकवर इंग्रजी सही आणि तुम्ही गोळा केलेल्या सगळ्या देवनागरी, मग तुलना कशाशी करणार? पूर्ण सहीला पूर्ण सही, छोट्या सहीला छोटी सही, तीच लिपी, तोच काळ.

घाबरू नका, हे अवघड नाहीये, पण वेळेत करा. अजितसिंह चेहुजी राठोड विरुद्ध गुजरात राज्य (२०२४) मध्ये आरोपीने अपिलात एक्स्पर्ट मागितला आणि सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. ट्रायलमध्ये बँकेचा साक्षीदार समोर असताना त्याला सहीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, आणि बँकेतल्या नमुना सहीची प्रमाणित प्रत मागवता आली असती ती मागवली नव्हती. तेव्हा बचावाच्या साक्षीतच बँकवाल्याला बोलवा. आणि त्याच्याही आधी रिटर्न मेमो, म्हणजे चेक का परत केला ते सांगणारी बँकेची चिठ्ठी, बघा. "फंड्स इनसफिशियंट" असेल तर सही जुळत नव्हती असं बँक म्हणालेलीच नाही, समोरचा वकील हे सगळ्यात आधी दाखवणार.

रिपोर्ट विरुद्ध आला तरी फाइल बंद करू नका. आपल्याच मध्य प्रदेशातून गेलेल्या मुरारीलालच्या केसमध्ये (१९८०) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मताला दरवेळी दुसऱ्या पुराव्याचा आधार हवाच असा नियम नाही, पण सावध राहून त्याची कारणं तपासा. म्हणजे शेवटची ओळ नाही, कारणं वाचा. क्रॉसमध्ये, म्हणजे उलटतपासणीत, सीनियरच्या जुन्या डायरीतला "हे परिपूर्ण शास्त्र नाही हे खरं आहे का?" हा प्रश्न तर विचारूच नका, एक्स्पर्टने तो इतक्यांदा ऐकलाय की तो हसून "हो" म्हणतो आणि तुमचं काही साधत नाही. त्याऐवजी कबूल सह्या किती होत्या आणि कोणत्या वर्षीच्या, मोठे केलेले फोटो कुठे आहेत, कोणत्या अक्षराच्या वळणावरून मत बनवलं, जे फरक दिसतात त्यांचं काय केलं, हे विचारा. जय लालच्या निकालात (१९९९) हेच आहे की तज्ज्ञाने आधार आणि निकष मांडायचे, निर्णय जजचा.

खाजगी एक्स्पर्टबद्दल माझं मत वाईट आहे, लपवत नाही. पैसे देणाऱ्याच्या बाजूने रिपोर्ट येतो, मग समोरचाही आपला आणतो आणि दोघं एकमेकांना खोडतात. तरी कधी कधी पर्याय नसतो. मग रिपोर्ट लिहून घ्यायच्या आधीच विचारा की साक्षीला स्वतः येणार ना, कारण क्रॉसला उभा न राहिलेल्या माणसाच्या कागदाला किंमत नाही. आणि भोपाळहून येणार असेल तर येण्याजाण्याची फी पक्षकारासमोर आधीच बोलून ठेवा, नाहीतर साक्षीच्या दिवशी सकाळी तो हिशोब मांडतो की एवढ्यात तर अर्धा चेकच भरला असता.