इम्प्लांटच्या टोकाशी पू: या चुका टाळा

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रूसारखा इम्प्लांट बसवून महिना-दीड महिना झालाय. स्क्रू घट्ट आहे, हिरडीची कड गुलाबी आहे, पण इम्प्लांटच्या हाडातल्या टोकाच्या रेषेत हिरडीवर एक पुळी आलीय आणि दाबली की पू येतो. एक्स-रेत इम्प्लांटच्या मानेजवळचं, म्हणजे हिरडीलगतचं, हाड शाबूत दिसतं, टोकाभोवती मात्र काळी सावली. याला रेट्रोग्रेड पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. नेहमीचा पेरी-इम्प्लांटायटिस हिरडीच्या कडेने हाडात शिरतो, हा टोकापासून कडेकडे सरकतो. त्यामुळे कडेची सफाई कितीही केली तरी उपयोग होत नाही.

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे फक्त इम्प्लांटकडे बघत बसणं. बऱ्याचदा दोष शेजारच्या दाताचा असतो. त्याची नस मेलेली असते किंवा जुनं रूट कॅनाल अर्धवट राहिलेलं असतं, आणि तिथला संसर्ग हाडातून इम्प्लांटच्या टोकापर्यंत येतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या दातांची नस जिवंत आहे का, हे बघायला थंड चाचणी करा: दात कोरडा करून, स्प्रेने गार केलेला कापसाचा बोळा लावायचा आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच दाताशी तुलना करायची. रूट कॅनाल झालेल्या दाताला ही चाचणी लागू नाही, तिथे मुळाच्या टोकाचा एक्स-रे नीट वाचावा लागतो. पुळीच्या तोंडातून २५ नंबरचा गटापर्चा पॉइंट (रूट कॅनाल भरायची, एक्स-रेत दिसणारी बारीक लवचिक काडी) अडेपर्यंत हलकेच सरकवा आणि तसाच एक्स-रे काढा. पॉइंट ज्या टोकाशी थांबतो, तिथूनच पू येतोय. दात दोषी निघाला तर त्याचं रूट कॅनाल आधी.

ही तपासणी खरं तर इम्प्लांट बसवण्यापूर्वीच व्हायला हवी. शेजारच्या दातापासून किमान १.५ मिमी अंतर ठेवायचं, तेही मुळाच्या टोकाच्या पातळीवर सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) मोजून. वर जागा ऐसपैस दिसते आणि आत मूळ तिरकं आलेलं असतं. ड्रिल फार जवळून गेलं तर जिवंत दाताचीही नस मरते.

काढलेल्या दाताच्या खड्ड्यात मुळाचा तुकडा किंवा संसर्गाचं मऊ ऊतक राहू देऊ नका, खरवडून काढा. बोथट ड्रिल दाबून चालवू नका. ४७ अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर राहिलं तरी हाडाला इजा होते, आणि टोकाशी पाणी सगळ्यात कमी पोहोचतं. म्हणून ड्रिल सतत वर-खाली करायचं, सलाईनची धार चालू ठेवायची.

प्रत्येक सावली म्हणजे संसर्ग नव्हे. १० मिमी लांबीच्या इम्प्लांटसाठी १२ मिमी खोल ड्रिल झालं असेल, तर खालची रिकामी जागाही काळीच दिसते. दुखणं नाही, पू नाही, आणि इम्प्लांट बसवल्या दिवशीच्या एक्स-रेपेक्षा सावली वाढलेली नाही, तर हिरडी उघडायची घाई करू नका. ठरावीक अंतराने एक्स-रे काढून लक्ष ठेवा.

पू असताना अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक देणं मात्र घातक. पुळी बसते, गोळ्या थांबल्या की परत येते, कारण इम्प्लांटच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या जंतूंच्या थरात औषध पुरेसं शिरत नाही. दरम्यान हाड झिजत राहतं. दाताचा दोष दूर करूनही पू थांबला नाही, तर हिरडी उघडून टोकाभोवतीचं ऊतक खरवडावं, सलाईनने भरपूर धुवावं, पोकळी मोठी असेल तर ग्राफ्ट (हाडाची भर) भरावा. टोकाच्या मागची बाजू साफ करता येत नसेल तर टोक कापतात, पण उरलेली लांबी पुरेशी असेल तरच. इम्प्लांट हलत असेल तर तो काढावाच लागतो.